वरून सातवं

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास इस्क्रा ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी उभी होती, तेव्हा मागून कालिना म्हणाली, "अगं, तुझी ती पानांची यादी या आठवड्यात साइटवर परत टाकतोय. गेल्या वर्षी तिच्याएवढं दुसरं काहीच वाचलं गेलं नव्हतं. 'घाटरस्त्याने जाताना पानगळ कुठे पाहाल.' काही बदलायचंय का त्यात?" आणि इस्क्राने तोंड उघडायच्या आत उत्तरही तिनेच देऊन टाकलं, "बदलायचं काय म्हणा. झाडं काही उठून दुसरीकडे गेली नसतील." स्वतःच्या विनोदावर ती मनापासून हसली. यंत्रातून कॉफी पडत होती. पेला भरला, भरून वाहिला, इस्क्राच्या बोटांवर आला, तरी तिने हात काढला नाही. "नाही," ती म्हणाली. "काही बदलायचं नाही."

मग ती हात धुवायला गेली आणि नळाखाली लाल बोटं धरून आरशात पाहत राहिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, केस नीट मागे बांधलेले, काळा स्वेटर. वर्षभर काळं घालतेय हे ऑफिसात आता कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. वडील अपघातात गेले एवढं त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून फुलांचं चक्र पाठवलं होतं, त्यावरच्या फितीत तिचं नाव चुकलं होतं. अपघात कुठे झाला, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या यादीतल्या पहिल्याच नावाशी येऊन त्यांचं बोट थांबलं असतं. ती यादी इस्क्राने एका दुपारी, शेंगदाणे खात, फार विचार न करता लिहिली होती. डोंगरातल्या सहा जागा, प्रत्येकीला आठ ओळी. पहिली जागा अर्थातच तिच्या घरची, ती वाढली तो घाट. "सातव्या वळणावर गाडी थांबवा," तिने लिहिलं होतं. "कडेला ऐसपैस जागा आहे, दगडी तोटीतून गार पाणी वाहतं, आणि समोरचा सगळा उतार बीचच्या झाडांनी पेटलेला असतो." हे सगळं खरं होतं. सातवं वळण तसंच होतं. फक्त ते वरून सातवं होतं.

तिचे वडील मिंचो त्या घाटावर मैलकुली होते. छत्तीस वर्षं. खिंडीच्या जरा खाली रस्त्याची चौकी होती, दोन खोल्या, एक कोठार, वाळूचा ढीग. तिथेच इस्क्रा आणि तिचा धाकटा भाऊ ओग्नियान लहानाचे मोठे झाले. मैलकुली वळणं मोजतो ती आपल्या चौकीपासून, कारण त्याचा रस्ता त्याच्या दारातून सुरू होतो आणि सकाळी तो खराटा घेऊन खालीच उतरतो. पहिलं वळण कोठारापाशी. तिसऱ्यावर दरड. सातव्यावर पाणी. बाराव्यावर आई एकदा बर्फात पडली होती. विसावं अगदी तळाला, जिथे गिरणीचा पूल लागतो. घरात ही वळणांची नावंच होती, माणसांना असतात तशी. त्यांत आकडा आहे हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. राजधानीतून, सोफियाहून, येणारा माणूस खालून चढतो आणि खालून मोजतो, हे कुणा पाच वर्षांच्या पोरालाही सुचलं असतं. तिला सुचलं नाही. खालून सातवं म्हणजे घरचं चौदावं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा, थांबायला वीतभर जागा नाही. उत्तरेची सावली, दुपारपर्यंत ओल जात नाही, आणि वरून झुकलेली झाडं आपली सगळी पानं नेमकी डांबरावर टाकतात. ओलं बीचचं पान म्हणजे साबण, बाबा म्हणायचे. चौदाव्याचं ते शिवी दिल्याशिवाय कधी नाव घेत नसत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अठरा तारखेला, मारिएता नावाच्या एका शिक्षिकेने आपली गाडी त्या वळणावर थांबवायला म्हणून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मिंचो तिथे कातळाला लागून उभे होते, हातात खराटा, कमरेला लाल फडकं. वय चौऱ्याहत्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. "म्हाताऱ्याला घरात चैन पडायची नाही," असं सगळे म्हणाले, आणि इस्क्रानेही तेच धरून ठेवलं.

खटला वर्षभर चालला होता. येत्या मंगळवारी शेवटची सुनावणी. मारिएताने पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं: यादीत सातवं वळण लिहिलं होतं, मी मोजत आले, सातव्याला ब्रेक मारला. मग कुणीतरी यादी वाचून दाखवली. ऐसपैस जागा कुठेय? पाणी कुठेय? म्हणजे बाई मोजण्यात चुकल्या, लक्ष रस्त्यावर नव्हतं, पानांवर होतं. यादी लिहिणारीच्या नावाकडे कुणी पाहिलंच नाही; ती लग्नाच्या जुन्या नावाने लिहायची. मार्चमध्ये कोर्टाच्या ओसरीत मारिएता तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. तपकिरी कोट, एक बटण वेगळ्या रंगाचं. "मी मोजत होते हो," ती म्हणाली होती. "पण सगळे म्हणतात तर... चुकले असेन मी." आणि इस्क्रा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली होती, "चुकलातच तुम्ही."

हे वाक्य तिला आता कुठेही ऐकू यायचं. ट्राममध्ये, भाजीच्या रांगेत, दात घासताना. आणि ऐकू आलं की पश्चात्ताप वगैरे होत नसे. राग यायचा, तळपायापासून मस्तकापर्यंत. त्या बाईचा, की तिने लगेच मान खाली घातली. कोर्टाचा, की कुणी एकदाही तो घाट नकाशावर उलटा करून बघितलं नाही. बाबांचा तर सर्वांत जास्त. नऊ वर्षं झाली होती ना निवृत्त होऊन? काय काम होतं तुमचं तिथे? मारिएताने वर्षात तीन वेळा फोन केला होता. तो नंबर इस्क्राने 'उचलू नको' या नावाने साठवून ठेवला होता.

गुरुवारी ती "बदलायचं नाही" म्हणाली, कारण बदललं असतं तर तारखेसकट बदललेलं दिसलं असतं, आणि मंगळवारच्या आत कुणीतरी विचारलं असतं, का बदललं. इतकं साधं कारण. शुक्रवारी यादी लागली.

शनिवारी वर्षश्राद्ध होतं. ओग्नियानच्या गाडीत ती पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर गव्हाच्या गोड घुगऱ्यांचं पातेलं, वर अक्रोड आणि साखर, त्यावर फडकं. पायाशी एका पिशवीत काळ्या चौकटीची पत्रकं: बाबांचा फोटो, 'एक वर्ष तुमच्याविना', खाली दोघांची नावं. ती चौकीच्या दारावर, दुकानावर, बसथांब्यावर, गावातल्या मोठ्या अक्रोडावर लावायची होती. चाळीस दिवसांची आणि सहा महिन्यांची अजून तिथे असतील, पावसाने फिकी पडलेली. ओग्नियान खुशीत होता. ओग्नियान नेहमीच खुशीत असे. लोकांचे बंब दुरुस्त करता करता त्याने हा स्वभाव कमावला होता; गार पाण्याने वैतागलेल्या बायकांशी कसं बोलावं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

"ताई, बघ तरी बाहेर," तो म्हणाला. "काय रंग आलाय यंदा."

"बघतेय."

"पातेल्याकडे बघतेयस तू."

"रस्त्याकडे बघ, ओगी."

"रस्ता काय पळून जातोय? बाबांसारखं करू नको. त्यांनी उभ्या जन्मात एक झाड मान वर करून बघितलं नसेल."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याच्या तोंडावर फडकं फेकावंसं वाटलं. ऑक्टोबर म्हणजे त्यांच्या घरी पहाटे पाचला उठवणं. पहिली बस खालून सहा चाळीसला निघायची, त्याच्या आत चौदावं साफ व्हायला हवं. बाबा पुढे, हातात भुर्जाच्या काटक्यांचा खराटा, मागे ती दोघं लहान खराटे घेऊन. पानं उडत नसत, ओली असत. ती डांबरापासून खरवडावी लागत, मग ढीग करून कठड्याखाली लोटायची. बोटं बधिर. ओग्नियान रडायचा, ती रडायची नाही. एकदा, ती नऊ वर्षांची असेल, उजाडलं आणि समोरचा सगळा उतार एकदम लाल झाला, आणि ती खराटा टेकवून म्हणाली, "बाबा, बघा." त्यांनी बघितलं; झाडांकडे नाही, झाडांवरून रस्त्याकडे, जणू मनात अंतर मोजत. "उद्या सकाळपर्यंत खाली येतील," ते म्हणाले. बस्स. तिला ते दिवसभर डाचलं होतं. आपण मोठं होऊन अशा ठिकाणी जाऊ जिथे पानांकडे पाहणं हे काम असेल, असं तिने तेव्हा ठरवलं नव्हतं. पण झालं तसंच. शहरात गेली, वाचलं, शिकली, सुंदर वाक्यं लिहायला लागली, आणि तिला दर महिन्याला पगार मिळू लागला लोकांना मान वर करायला सांगण्याचा.

गिरणीचा पूल गेला आणि चढ लागला. पुढे गाड्यांची रांग होती. ओग्नियानने मान बाहेर काढली. "हे काय आज? जत्रा आहे का?" पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून एक कुत्रा त्यांच्याकडे बघत होता. इस्क्रा मोजू लागली, खालून, ओठ न हलवता. एक. दोन. तिसऱ्या वळणावर ऊन होतं. पाचव्यानंतर सावली सुरू झाली, गाडीत गारवा शिरला. सहा. आणि मग सातवं, आणि सातव्यावर आठ-दहा गाड्या कातळाला चिकटून अर्ध्या रस्त्यात उभ्या. माणसं कठड्यावर चढलेली, एक बाई पाय लोंबकळत सोडून बसलेली, एक पुरुष तिचा फोटो काढताना मागे मागे सरत रस्त्याच्या मधोमध. डांबर दिसतच नव्हतं. सगळं तांबूस, ओलं, चकचकीत. वर्षभरात कुणीही ते झाडलं नव्हतं. रस्त्याच्या खात्याने चौकीला कुलूप लावलं होतं आणि ते काम कुणाच्याच नावावर उरलं नव्हतं.

ओग्नियानने गाडी अगदी सावकाश पुढे काढली. कातळावर, कमरेएवढ्या उंचीवर, वर्षापूर्वीचा ओरखडा अजून होता, आणि त्याला टेकून एक तरुण सफरचंद खात होता. "इथेच कशाला मरायला थांबलेत सगळे?" ओग्नियान पुटपुटला, आणि आपलेच शब्द ऐकू आले तशी त्याने काच वर केली. इस्क्राने मांडीवरचं पातेलं घट्ट धरलं. थांब, असं म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. पुढच्या वळणावर तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून श्वास घेतला.

कबरीपाशी आत्या आधीच येऊन बसली होती. स्तोइल्का आत्या, बाबांची थोरली बहीण, ऐंशी पार, अंगाने काटकुळी, जिभेने नाही. तिने दगड धुतला होता, मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि रीतीप्रमाणे मातीवर दारू ओतून झाल्यावर उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच लावत होती.

"उशीर केलात. मिंचो एव्हाना निघून गेला असता कामावर."

"खाली गर्दी होती आत्या," ओग्नियान म्हणाला. "चौदाव्यावर. फोटो काढत बसलेत गाढवं."

"यंदापण?" आत्या म्हणाली, आणि झटकन इस्क्राकडे बघितलं. मग लगेच नजर काढून घेतली आणि घुगऱ्यांवरचं फडकं उचललं. "साखर जास्त घातलीस. तुझा बाप गोड खायचा नाही."

गावातली पाच-सहा माणसं आली, तळहातावर घुगऱ्या घेतल्या, "देव त्याला क्षमा करो" म्हणाली, खाऊन हात झटकून गेली. रीतच तशी: मेलेल्याच्या नावाने जे मिळेल ते घ्यायचं आणि हे वाक्य म्हणायचं. इस्क्राला दर वेळी वाटे, त्याला कशाची क्षमा? आज ते वाक्य एकेका तोंडातून ऐकताना तिच्या आत काहीतरी ताणत गेलं. आत्याने मघाशी 'यंदापण' म्हणताना माझ्याकडे का बघितलं? माणसं पांगल्यावर तिने पातेलं गवतावर ठेवलं.

"आत्या, बाबा त्या दिवशी चौदाव्यावर काय करत होते?"

"झाडत होता."

"का?"

"पानं पडली होती म्हणून."

"पानं नऊ वर्षं पडत होती. निवृत्त झाल्यावर ते कधी तिथे गेले नाहीत, तूच सांगितलंस. खात्याची माणसं झाडायची तेव्हा. मग गेल्याच वर्षी का?"

आत्याने बाटली पदरासारखी कोटाच्या आत घेतली. "तू खरंच विचारतेयस, की मला बोलतं करतेयस?"

"खरंच विचारतेय."

"त्याने सांगू नको म्हटलं होतं. मेलेल्याचा शब्द मोडायला लावतेस पोरी." तिने मेणबत्तीची वात सरळ केली. "पोस्टातल्या मुलीने तुझा कागद छापून दिला होता त्याला. घेऊन आला माझ्याकडे, दोनदा वाचून दाखवला. छाती अशी फुगलेली. मग गप्प झाला. म्हणाला, स्तोइल्के, पोरीने वरून मोजलंय. लोक चौदाव्यावर थांबतील."

ओग्नियान उभा होता तो हळूच बाजूच्या कबरीच्या कठड्यावर बसला.

"मी म्हटलं, फोन कर तिला. तर म्हणतो, छापून गेलंय, आता ती तरी काय करणार. आणि साहेबासमोर तिची मान कशाला खाली घालायची? पानं काय, तीन आठवडे. तोवर मी उभा राहतो तिथे. झाडतो, लोकांना वर पाठवतो. रोज जायचा. डबा मी द्यायची. शंभर गाड्या वर पाठवल्या असतील त्याने. वर जा, चौदावं मोजा, तिथे पाणी आहे, असं प्रत्येकाला सांगायचा. त्या दिवशी वळणाचा अर्धा भाग झाडून झाला होता. ती गाडी दुसऱ्या अर्ध्यावर आली."

"पाच मिनिटं," इस्क्रा म्हणाली. "आत्या, पाच मिनिटांचं काम होतं ते. छापलेलं नव्हतं, पडद्यावर होतं. एक आकडा पुसून दुसरा लिहायचा. मी बसल्या जागी केलं असतं. एक फोन करायचा होता फक्त. एक!"

"त्याला काय ठाऊक पडदा आणि बिडदा."

"विचारायचं! मला विचारायचं! छत्तीस वर्षं सगळ्या जगाच्या चुका खराट्याने काढल्या, मुलीचीही खराट्यानेच काढायची? मी काय रस्ता होते?" ती कबरीकडे तोंड करून ओरडत होती. वरच्या ओळीत फुलं ठेवणारी कुणी बाई वळून बघू लागली. "अभिमान कसला? कुणी मागितला होता? माझा साहेब म्हणजे एक सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याला हा घाट कुठल्या डोंगरात आहे तेही माहीत नाही!"

"हळू," आत्या म्हणाली. "ऐकतोय तो."

"ऐकू दे."

ओग्नियान इतका वेळ आपल्या बुटांकडे बघत होता. आता त्याने मान वर केली. "ताई. म्हणजे तुला ठाऊक होतं. वरून मोजलंयस ते."

तिने वाकून पातेल्यावर फडकं घातलं.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्या बाईचा जबाब वाचला तेव्हापासून."

"आणि मार्चमध्ये, माझ्यासमोर, तू तिला... मी शेजारी उभा होतो, ताई. मला वाटलं, काय धीराची आहे माझी बहीण. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी." तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर गार पाण्याने वैतागलेल्या माणसांना द्यायचं ते हसू नव्हतं. "आणि आत्ता खाली? ती सगळी माणसं? ती पण तुझीच ना? यादी परत लागलीय?"

"काल लागली."

"आणि तू पातेलं धरून बसून राहिलीस. माझ्या गाडीत. मी मूर्खासारखा विचारतोय, जत्रा आहे का." त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्याकडे फेकली, ती गवतात पडली. "जा. मी येत नाही. तुझ्यासोबत बसलो तर काहीतरी बोलून बसेन."

इस्क्राने वाकून किल्ली शोधली. गवत ओलं होतं, शोधायला वेळ लागला, दोघांपैकी कुणी मदत केली नाही.

ती एकटी खाली निघाली. चौकीचं दार बंद, त्यावर सहा महिन्यांपूर्वीचं पत्रक, बाबांचा अर्धा चेहरा पावसाने नेलेला. पहिलं. दुसरं. दरड. बाबा, तुम्ही मला मूर्ख समजलात. नाही, तुम्ही मला मोठी समजलात, इतकी मोठी की चूक दाखवायचीसुद्धा नाही, आणि ते जास्त वाईट. पहाटे पाचला उठवताना नाही वाटली दया. तेव्हा म्हणायचात, चौदाव्यावर एक पान राहिलं तर बसमधली चाळीस माणसं तुझ्या मानेवर. नऊ वर्षांच्या पोरीला चाळीस माणसं दिलीत, आणि सेहेचाळीस वर्षांच्या बाईला एक आकडा देववला नाही. सातव्यावर आली तेव्हा तिने नकळत ब्रेकवर पाय ठेवला. ऐसपैस जागा. दगडी तोटीतून पाणी पडत होतं. समोर सगळा उतार, तिने लिहिला होता तसाच, त्याहून जास्त, डोळ्यांत मावणार नाही एवढा. आणि एक माणूस नाही. चौदा वळणं चढून इथवर कुणी आलंच नव्हतं. ती गाडीतच बसून होती. दार उघडावंसं तिला वाटलं नाही. असल्या रंगापुढे उभं राहून काय करतात ते तिला एकदम कळेनासं झालं.

चौदाव्यावर तिने गाडी आडवी घातली, वरच्या अंगाला, दिवे लुकलुकते ठेवून, आणि उतरली. पाय पहिल्याच पावलाला सरकला.

"इथे थांबू नका," ती मोठ्याने म्हणाली. "गाड्या काढा. हे ते वळण नाही."

कठड्यावरची बाई हसली. "नाही कसं? मोजून आलोत आम्ही. सातवं."

"मोजलंत ते बरोबर आहे. लिहिलेलं चूक आहे. अजून सात वळणं वर जा."

"तुम्ही कोण? खात्याच्या का?"

"चूक लिहिणारी."

त्यांना ते कळलं नाही. सफरचंदवाल्या तरुणाने खांदे उडवले. "मावशी, रंग इथेही तेच आहेत, कशाला पेटताय?" पण त्याच क्षणी खालून येणाऱ्या एका गाडीची मागची चाकं सरकली, फार नाही, हातभर, आणि फोटो काढणारा पुरुष किंचाळून बाजूला झाला. मग सगळे एकाएकी घाईने दारं उघडू लागले. तो तरुणही गेला. जाताना म्हणाला, "बोर्ड लावा ना मग इथे!" आणि तो बरोबरच बोलत होता, म्हणून तिला त्याच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

घाटात फोन फक्त इथेच लागतो, कठड्याच्या बाहेरच्या टोकाला. नोकरीत असताना बाबा तिला इथूनच फोन करायचे, रविवारी, डब्याच्या वेळेला, आणि विचारायचे जेवलीस का. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी या जागेवरून तिला तीन रविवार फोन केला होता. खराटा कातळाला टेकवून. जेवलीस का. एवढंच.

तिने आधी कालिनाला फोन लावला. पहिल्या जागेतलं सातवं काढ आणि चौदावं कर, म्हणाली; आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत; खाली लिही की आधी चुकीचं होतं आणि चूक लेखिकेची होती. कालिना म्हणाली, "अगं शनिवार आहे, सोमवारी..." इस्क्रा म्हणाली, "आत्ता. का ते सोमवारी सांगते." बदललेलं दिसेपर्यंत ती पडदा पुन्हा पुन्हा उघडत राहिली. मग तिने 'उचलू नको' हे नाव शोधलं आणि दाबलं.

"हॅलो," मारिएताचा आवाज लगेच आला, इतका लगेच की फोन हातातच असावा. "मी ओळखलं. बोला."

"तुम्ही बरोबर मोजलं होतंत," इस्क्रा म्हणाली. "सातच होती. ती यादी मी लिहिली होती, दुसऱ्या नावाने. मी वरून मोजलं होतं. आम्ही घरात तसंच मोजतो. मंगळवारी मी हे कोर्टात सांगणार आहे."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मार्चमध्ये माहीत होतं."

"हो."

"तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात." मारिएताचा आवाज चढला नाही, तो खाली खाली गेला. "बाई, तुमचे वडील माझ्या गाडीखाली गेले, ते मी मरेपर्यंत घेऊन चालणार आहे, त्यातलं मला काही कमी करून नको. पण मोजत मी नव्हते. मी गाडी चालवत होते. मोजत होती माझी मुलगी. आठ वर्षांची. मागे बसून, मोठमोठ्याने, खेळ म्हणून. मी कोर्टाला सांगितलं मी मोजलं, कारण मग काय सांगू? तिला कुणीतरी सांगितलंच शाळेत. की आकडा चुकला म्हणून म्हातारा मेला. वर्ष झालं, ती मोजत नाही. वर्गात नाही, घरी नाही. पायऱ्या उतरताना ओठ घट्ट मिटून उतरते. मी गणित शिकवते, बाई. माझ्या घरात कुणी आकडा बोलत नाही. आणि तुम्ही एक वर्ष... एक वर्ष तुम्ही..."

आणि मग ती रागावली. इस्क्राने इतका राग कधी ऐकला नव्हता. तिचा स्वतःचा, वर्षभर उरावर बाळगलेला, त्याच्यापुढे हट्टी पोरीच्या रुसव्यासारखा वाटला. ती ऐकत राहिली. मध्ये आवाज तुटू लागला, तसं ती कठड्याला आणखी चिकटून उभी राहिली. मागे एक गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला, काच उतरवून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सरका जरा, फोटोत येताय!" ती सरकली नाही. हात उंचावून तिने गाडीला वरचा रस्ता दाखवला आणि ऐकत राहिली.

शेवटी मारिएता थांबली. धाप लागल्यासारखी. मग म्हणाली, "फोन ठेवू नका. तिला बोलावते. मला सांगितलंत तेच तिला सांगायचं. तसंच. एक शब्द गाळायचा नाही."

"नाही ठेवत."

पावलं दूर गेली. दार वाजलं. कुणीतरी नको म्हणालं, पुन्हा नको म्हणालं. मग जवळ, अगदी कानाला लागून, एक बारीक श्वास ऐकू आला आणि त्यापाठोपाठ, फार वेळाने, "हॅलो."

इस्क्राने सांगायला सुरुवात केली. "माझं नाव इस्क्रा. तिथे उभे होते ते माझे बाबा होते."